डावरी कात्री

कात्री हातातल्या पिशवीत ठेवायची नसते
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
बाकी सगळं सांगितलं होतं:
पासपोर्ट छातीशी धर,
अनोळखी माणसाचं काही खाऊ नको,
पोचलीस की मिस्ड कॉल दे.

मुंबईच्या विमानतळावर, पहाटे दोनला,
गणवेशातल्या पोरीनं ती बाहेर काढली.
दहा इंची, डावरी,
मिरजेच्या लोहाराकडे तीन हेलपाटे घालून
माझ्या हाताच्या मापानं करून घेतलेली.
"ताई, हे तर दोन चाकूच झाले की."
खरं होतं. चोवीस वर्षं कापत आले
पण मला ते कधी सुचलं नव्हतं.
लायटर आणि नेलकटरच्या ढिगात
तिनं ती टाकली. आवाज झाला,
मागचा माणूस म्हणाला, पुढे चला.

विमानात मधली सीट.
पट्टा लागेना. शेजारच्यानं
डोळे न उघडता लावून दिला.
जेवताना माझं डावं कोपर
त्याच्या उजव्याला लागायचं,
शाळेत बाकावर लागायचं तसं,
म्हणून हात पोटाशी धरून भात संपवला.
खिडकी लांब. समोरच्या पडद्यावर
निळ्यावरून सरकणारं एवढंसं विमान.
मी समुद्र वितीनं मोजला:
मुंबई ते मस्कत, एक वीत आणि दोन बोटं.
ब्लाउजच्या बाहीपेक्षा थोडा कमीच.

मस्कतला सहा तास.
कॉफीचा भाव रुपयांत करून बघितला
आणि पाणी प्याले.
मग समोरून जाणारी एकेक अबाया
मनातल्या मनात उसवत बसले.
ही तिरप्या कापाची,
हिचा खांदा अर्धा इंच उतरलाय,
हिची बाही कुण्या घाईतल्या माणसानं बसवली.
एकोणचाळीस उसवल्या.
घरचं काही आठवलं नाही, हे बरं झालं
की वाईट, ते नंतर बघू.

दुसऱ्या विमानात खिडकी मिळाली.
खाली बहरीन, आणि समुद्र इतका उथळ
की धुऊन धुऊन विरलेल्या कापडातून
अंग दिसावं तशी वाळू दिसत होती.
चाकं पाण्यावरच टेकणार असं वाटलं.
मी पाय वर घेतले. खरंच घेतले.

बाहेर एका खांबाला टेकून
तासभर उभी होते.
त्याच खांबाला पलीकडून टेकून
शफिकुल नावाचा ड्रायव्हर उभा होता,
हातात पाटी: मिस्टर कुमुद.
कटर मास्टर म्हणजे बाप्याच असणार,
तो दाढीवाल्यांची तोंडं बघत होता.
पाटी आधी मी वाचली.
तो इतका हसला की मलाही हसू आलं,
इचलकरंजी सोडल्यापासून पहिल्यांदा.

मुहर्रकच्या गल्लीत, दुकानावरच्या खोलीत,
एसीखाली बादली, बादलीत टपटप.
बहिणीनं फोनवर विचारलं, पोचलीस ना नीट?
म्हटलं, हो.
सगळं सामान आलं?
म्हटलं, हो.

सकाळी मालकीणबाईंनी काळ्या कापडाचा तागा
टेबलावर उलगडला, साबणाची चकती दिली,
आणि कात्री. नवी. महागाची.
उजव्या हाताची.

ज्यांनी कधी करून पाहिलं नाही त्यांना सांगते:
उजवी कात्री डाव्या हातात घेतली
की वरचं पातं नेमकं रेघेवर येतं.
कापायचं तेच दिसत नाही.
कापड पात्यांत दुमडतं, अंगठ्याला वळ पडतो.
बाई बघत होत्या. दारात शफिकुलही थांबला होता.

मी पांढरी रेघ मारली, खांद्यापासून घोळापर्यंत.
एकदा बोटानं चाचपली.
मग तिच्याकडे बघायचंच सोडलं.
कापड नीट कापलं जातं तेव्हा
एक आवाज येतो, कोरडा, सलग,
आणि चुकलं की तो अडखळतो.

आवाज ऐकत
मी कापायला लागले.