सुरुवातीला तांबूस येईल

महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात
माझं टेबल खिडकीपासून दुसरं.
फोन उचलायचा, भाग विचारायचा,
वहीत लिहायचं: धनकवडी, गढूळ. वडगाव शेरी, दाब कमी.
आणि दिवसातून वीसदा तरी म्हणायचं,
लाइनचं काम झालंय ना काका,
सुरुवातीला तांबूस येईल,
थोडं सोडून द्या, मग वापरा.

एरंडवण्यातल्या डॉक्टर शेजवलकरबाईंनी
मला अगदी हेच सांगितलं.
फक्त काका म्हणाल्या नाहीत.

बेंबीत एक, खाली दोन,
उडदाच्या दाण्याएवढी भोकं.
आत काय होतं ते त्यांनी पडद्यावर दाखवलं:
अंडाशयावर गाठ, साचलेल्या जुन्या रक्ताची.
रंगावरून तिला चॉकलेटचं नाव दिलंय कुणीतरी,
त्या माणसाला मला एकदा भेटायचंय.
आतडं गर्भाशयाला चिकटलेलं.
सोडवलं, त्या म्हणाल्या,
स्वेटर उसवल्यासारखं सहज.

पोटापेक्षा खांदाच दुखला तीन दिवस.
फुगवायला भरलेला वायू म्हणे वर चढतो.
आई रात्रभर खांदा शेकत बसली
आणि सकाळी जिन्यात सगळ्यांना
अपेंडिक्स, अपेंडिक्स, म्हणून सांगत राहिली.

मग गोळी.
मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली,
माझ्या गळ्याकडे पाहिलं, मंगळसूत्र आहे का,
मग पाकीट आधी रद्दीच्या कागदात, मग काळ्या पिशवीत.
कागदावर माझंच राशिभविष्य निघालं:
जुनी येणी वसूल होतील.

होऊ लागली.
अकराव्या दिवशी डाग. बाराव्याला काही नाही.
चौदाव्याला वनाजच्या मेट्रोत, उभ्या उभ्या.
सतराव्याला तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखं,
मग पाच दिवस इतकं शहाण्यासारखं कोरडं
की मी बॅगेतला पॅड काढून ठेवला,
आणि त्याच दुपारी.
तीन महिने दे शरीराला, बाई म्हणाल्या,
तासाला एक भरायला लागला तर मात्र रात्रीसुद्धा फोन कर.

आमच्याकडे पूर्वी कावळा शिवायचा,
चार दिवस थांबायचा, उडून जायचा.
हा आता गजावरच राहायला आलाय.
मान तिरकी करून बघतो,
मनात आलं तर चोच मारतो.
आई रोज विचारायची, आज धरायचं की सोडायचं?
सव्विसाव्या दिवशी तिनंच हिशेब सोडला.
म्हणाली, तूच लाव दिवा,
माझ्यानं वाकवत नाही गुडघ्यांनी.

त्याच आठवड्यात, मेथी निवडताना,
माझ्याकडे न बघता:
मला वाटायचं सगळ्यांनाच इतकं दुखतं.
तुझ्या वेळी तर कळा आल्या तेव्हा
मी सुईणीला म्हटलं, एवढंच होय?
हे तर दर महिन्याला असतं.
काड्या तिनं परातीत टाकल्या होत्या,
पानं कचऱ्यात.
मी उठून काही न बोलता
पानं वेचून घेतली.

काल एकेचाळिसावा दिवस.
सहाला संगणक बंद करताना वाटलं,
आज काहीतरी करायचं राहिलंय.
डबा खाल्ला होता, मस्टरवर सही होती,
गोळी सकाळीच.
मग आठवलं. दुखायचं राहिलंय.
नऊ वर्षं महिन्याचा हा सुमार
मी रेकॉर्डच्या खोलीत, कपाटामागे,
फरशीवर गुडघे पोटाशी धरून काढलाय.
तिथली कुठली फरशी हलते ते मला पाठ आहे.

डाग होताच. आहेच.
तेवढ्यात फोन वाजला, येरवड्याच्या एक बाई:
अहो, किती दिवस चालणार हे असं?
वहीतलं उत्तर ओठांवर आलं होतं.
म्हटलं, नक्की मलाही नाही माहीत हो.
एक बादली भरून ठेवा,
तासाभरानं बघा, वरचं पाणी कसं दिसतंय.

बघते, म्हणाल्या.
फोन ठेवला नाही लगेच त्यांनी.
पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला.