सरस

वडशाकडं नाटकांचा हंगाम दहा दिवसांवर,
आणि श्रावण नाकाडेनं छोटा हत्तीतून उतरवलेली पायपेटी
माझ्या ओसरीत उघडी.
सात पट्ट्यांवर टोप्या नाहीत.
चार त्यानं रुमालात बांधून आणल्यात,
तीन कुठल्याशा मांडवात राहिल्या,
कुरखेड्याला की सिंदेवाहीला, त्याला आठवत नाही.

"फेविक्विक मारून द्या ना वो पारबताबाई, दोन मिनटाचा काम."

मारलंच होतं कुणीतरी.
म्हणून तर टोपीनं निघताना लाकडाचा सालपा सोबत नेला,
आणि कडेला धुकं धरलं, पुसून जात नाही.

पांढरा फेविकॉल दार-चौकटींना ठीक.
पट्टी त्यातलं पाणी पिते, फुगते, शेजारणीला खेटते,
मग एक सूर दाबला की दोन बोलतात.
सायकलवाल्याचं सुलोचन होळीपर्यंत बरं;
पुढं उन्हात टोपी सरकते, रोज केसभर,
वाजवणाऱ्याला वाटतं आपलंच बोट चुकलं.
लाख आहे घरात, पळसावरची, धुऊन दाणे केलेली.
पण ठिसूळ.
आणि तिसऱ्या अंकात खलनायक आला
की नाकाडे कसा ठोकतो, ते मी पाहिलंय.

राहिला सरस.
रात्रभर भिजवायचा, गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवायचा,
उकळी येऊ द्यायची नाही.
वास असा की शेजारची दार लावून घेते.
त्यात शाळेतला खडू कुटून घातला
की लाकडाचा काळपटपणा वर येत नाही.
वरून ट्यूबची पट्टी आवळून, सकाळपर्यंत.

"पक्का ना? आता कधीच नाही निघनार?"
"निघेल. ओलं गरम फडकं ठेवलं तर अलगद निघेल."
नाकाडेचं तोंड पडलं.
निघणाऱ्या गोष्टीचे पैसे मागते बाई.

काल मी तशीच एक जुनी टोपी काढली,
माझ्याही आधीच्या कुणाची.
खाली लाकडावर पेन्सिलीनं, बारीक अक्षरात :
'हा ग पावसाळ्यात अडतो. घासू नये.'
मी घासणारच होते.
कानस हातातच होती.

मग पेन्सिल शोधली. डाळीच्या डब्यामागं सापडली.
तेविसाव्या पट्टीच्या उघड्या लाकडावर लिहिलं :
'टोपी नवी. खडू जरा कमी पडला.'
तोवर वाटीतला सरस साय धरायला लागला होता,
म्हणून नाव राहून गेलं.