आठ दिवसांच्या बोलीवर

दस्तगीर शिकलगार म्हणाला, आठ दिवस वापर,
पटली तर साडेतीनशे, नाही तर आणून टाक,
मी काय पळून जात नाही तुर्भे नाक्यावरून.

ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून काढलेली सुरी.
पातं चार बोटं, मूठ त्याहून इंचभर मोठी,
मुठीच्या आत पार शेवटापर्यंत तेच लोखंड.
दोन पितळी रिबिटी. मिटत नाही.
उघडीच असते, म्यानात असली तरी.

मिटणारा चाकू अकरा वर्षं होता माझ्याकडे.
गेल्या हंगामात पेटीच्या फळीत अडकला
आणि स्वतःहून मिटला, मध्ये माझं बोट असताना.
तर्जनी अजून नीट वाकत नाही.
म्हणून ही.

म्यान पाण्याच्या पाइपाचं, पांढरा पाइप गॅसवर तापवून
सुरीभोवतीच चेपलेला.
आत जाताना टक् वाजतं.
उलटं धरून झटकलं, पडली नाही.
कमरेला, शर्टाखाली. वाकलो की मूठ बरगडीला टोचायची,
दुसऱ्या दिवशी डावीकडे सरकवली, मग विसरलो
की ती आहे. हे चांगलं, असं तेव्हा वाटलं.

सुतळी, काथ्या, पेटीवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या.
धार पुठ्ठ्याने जाते, पट्टीने नाही.
कपबशीच्या बुडावर चार वेळा ओढली की परत येते.

मग आंबा. वरच्या थरातला नव्हे, तळचा एक,
कोयीला घासून गाल उतरवायचा.
आत साका निघाला तर अख्ख्या पेटीचा भाव उतरतो.
देवगडचे आत्माराम घाडी तेवढा वेळ
माझ्या हाताकडे बघत नाहीत, छपराच्या पत्र्याकडे बघतात.
पातं पातळ आहे, गर चुरगळत नाही,
जे आहे ते दिसतं. पहिले दोन दिवस फोडीला लोखंडाची चव होती.
चिकाने पातं निळंकाळं पडलं, तशी गेली.

ओल्या हातात मूठ सटकते. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

घरी, कोपरखैरण्याला, बायकोने तिच्यावर
एका दोडक्याच्या शिरा काढून पाहिल्या,
म्हणाली, विळीपुढे काही नाही ही. आणि उचलून
फ्रीजवर ठेवली, मुलीचा हात पोचणार नाही अशी.

सहाव्या दिवशी पहाटे चारला, फळबाजाराच्या गेटपाशी,
एका टेम्पोवाल्याने गाडी मागे घेताना अकरा पेट्या चेपल्या.
शिव्या त्याने आधी दिल्या. मग मी दिल्या.
त्याने माझी कॉलर धरली
आणि माझा हात शर्टाखाली गेला.
मी पाठवला नव्हता.
टक्.
त्याने ऐकलं नसावं, हॉर्न चालू होते.
मी ऐकलं.
अंगठ्याने मूठ खाली दाबली, पुन्हा टक्,
आणि तो हात तिथेच धरून उभा राहिलो
हमालांनी आम्हाला वेगळं करेपर्यंत.
नुकसानीचे बाराशे मिळाले.

एका हाताने, न बघता, सुटली पाहिजे:
म्यानाबद्दल ही अट माझीच होती.
पेट्यांच्या थप्पीवर चढलेल्या माणसाला
दुसरा हात मोकळा नसतो, असं मीच समजावलं होतं त्याला.

आठव्या दिवशी गेलो.
दस्तगीर म्हणाला, बोल, काय कमी आहे?
म्हटलं, टोक जास्त आहे.

तो हसला नाही. कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
सुरी पाहिली, मग मला पाहिलं,
ट्यूबच्या पट्टीवरून एकदा अंगठा फिरवला
आणि मोटर चालू केली.
कशाला, असं विचारेल म्हणून एक उत्तर जुळवून गेलो होतो.
ते तसंच परत आणलं.

टोक आता गोल आहे, करवंटीच्या काठासारखं.
लोखंड कमी झालं म्हणून वीस रुपये सोडले त्याने.
मी घेतले, घ्यायला नको होते.

बाकी सगळं कापते. फक्त देठाजवळचा काळा डाग
खरवडायला टोक लागायचं, ते मी नखाने करतो.
घाडी पत्र्यावरची नजर खाली आणून विचारतात,
कमरेला नवी सुरी, आणि नख कशाला?
मी म्हणतो, माल नाजूक आहे.