वाडी

आमच्याकडे वाडी माणसांची.
इथं कुरियातला वाडी पाण्याची,
पाणी नसलं तरी त्याचीच.
वर्षभर नुसते गोटे, बाभळी,
आमचे टिपर, क्रिकेटचे स्टंप.

झुवैनाबाई शेळ्या घेऊन कॅम्पात आली.
भिंतीशी उभी राहिली, हात वर केला:
"त्या वादळात, इथवर."
मी रंगारी. बोटाच्या टोकाशी
निळ्या ऑइलपेंटची रेघ ओढली.

शुक्रवारी परकारनं वही उघडली.
पोहता न येणारे एकोणीस.
रात्रपाळी करून दिवसा मेल्यासारखे झोपणारे सात.
मोनिरुलचं इन्सुलिन.
गच्चीची किल्ली एकच, तीही फोरमनच्या खिशात.
सगळ्यांचे पासपोर्ट तळमजल्यावर, कपाटात.
यावर मात्र भांडण झालं.
फोरमन नाही म्हणाला, नाहीच म्हणाला,
पुढच्या शुक्रवारी जिन्यात
कपाटाचं खालचं टोक त्याच्याच खांद्यावर.

मग सराव. थाळी वाजली की वर.
अकरा मिनिटं लागली.
एक जण चप्पल शोधत बसला, बाकीचे हसले.
झुवैनाबाई खालून मोजत होती
बोट रोखून, शेळ्या मोजतात तशी.

एक कमी भरला.

तो मी. भिंतीपाशी, ब्रश घेऊन,
रेघ वीतभर वर नेत होतो.
त्या वादळात ती
ताठ चालत असणार.