शिरगणती

लोंद्रीनातल्या माझ्या वाट्याला तीनशे बारा दारं.
निळं जाकीट, गळ्यात ओळखपत्र, हातात यंत्र,
आणि बुटांच्या कडांना ती लाल माती
जी ना साबणाला जुमानते ना नगरपालिकेला.
प्रश्न ठरलेले. माणसं किती, खोल्या किती,
पाणी नळाचं की विहिरीचं,
गेल्या काही वर्षांत घरातून कोण गेलं.
गेलं म्हणजे वारलं, मी समजावते.
तरी लोक सांगतातच:
थोरला गेला. मारिंगाला.

मारिंगा. पश्चिमेला शंभर किलोमीटर.
एकाच कंपनीने एकाच पट्टीने आखलेल्या या बहिणी.
थोरलीला कॉफीचा पैसा मिळाला, सिनेमाघरं,
कर्जावर घेतलेला रुबाब.
धाकटीने रस्तोरस्ती झाडं लावली आणि वाट पाहिली.
मग पंच्याहत्तरच्या जुलैत, एका रात्रीत,
दोघींच्या शिवारातली कॉफी गारठून काळी पडली.
आई सांगते, सकाळी इतकं शांत होतं
की शेजारचा नाकासे म्हातारा
मळ्यात उभा राहून झाडं मोजत होता, ते घरात ऐकू येत होतं.
मेलेली झाडं. तरी मोजत होता.

ती सवय राहिली असावी.

माझा भाऊ अदेमीर आता पुरता तिकडचा झालाय.
'तुमच्याकडे खड्डे, आमच्याकडे सावली.'
'तुमच्याकडे सावली, आमच्याकडे तळं.'
'तळं खोदलेलं आहे, इव्होनेट.'
'मग तुमचं चर्च काय उगवलंय?'
तिकडे नव्या इमारतीचे मजले जाहीर झाले
की इकडचा बिल्डर दोन वाढवून सांगतो.
'चढवा,' आई म्हणते, 'चढवा.
कपडे वाळत घालायला गॅलरी कोणीच देत नाही.'

आई महिन्यातले पंधरा दिवस माझ्याकडे, पंधरा त्याच्याकडे.
एकतिसावा दिवस भांडणाचा.
आणि या खेपेला मोजणीची रात्र
नेमकी एकतीस जुलैची.
अदेमीरचा फोन: 'तिला इकडे लिहून घेऊ दे.
डोक्यामागे निधी येतो, तुला माहितेय.'
मला माहितेय. मला हेही माहितेय
की त्या रात्री आई शेवटच्या बसमध्ये होती,
मांडीवर द्राक्षांची पेटी,
खिडकीला टेकून झोपलेली,
दोन्ही शहरांच्या हद्दीबाहेर.

नियमपुस्तकात बसचा कॉलम नाही.
जिथे राहतं घर, तिथे नोंद.
मग मी स्वयंपाकघरात, कामाच्या आवाजात विचारलं,
'डोना झुलमिरा, आपलं राहतं घर कोणतं?'
आईने बटाटा सोलून पुरा केला.
'माझं शिलाई मशीन जिथे, तिथे.'

मशीन माझ्याकडे नव्हतं.
अदेमीरकडेही नव्हतं.
मार्चपासून ते आपुकारानात दुरुस्तीला पडलंय,
वाटेतल्या त्या चढावरच्या गावात,
जिथे बस दहा मिनिटं थांबते
आणि आम्ही फक्त कॉफी प्यायला उतरतो.
तिथे घरोघर टोप्या शिवतात.
साऱ्या देशाची डोकी झाकतात,
आणि कोणाच्याच पैजेत त्यांचं नाव नसतं.

यंत्राच्या पडद्यावर चौकोन लुकलुकत राहिला.
मी तो तसाच ठेवून पुढच्या दारी गेले.

शुक्रवारी दुरुस्तीवाल्या ओस्नीचा फोन आला.
पट्टा बदलला, तेल घातलं, मशीन तयार.
कोणत्या बसने पाठवू? पूर्वेच्या की पश्चिमेच्या?
मी उत्तर जुळवत होते,
तेवढ्यात आईने हातातून फोन घेतला.
'घाई नाही,' म्हणाली,
'सध्या दोन्हीकडून विचारपूस बरी चाललीय.'