रकाना क्रमांक सात

अर्जाची मुदत उद्या संध्याकाळी पाचपर्यंत.
सहा रकाने भरून झालेत:
नाव आयझिरेक, वय एकतीस, संस्था, हुद्दा,
खर्चाचा तपशील: वाफेचं ड्रिल एक,
खुंट चाळीस, घोडे तीन, डिझेल.
सातवा विचारतो,
या संशोधनातून देशाला नेमका फायदा काय?
शंभर शब्दांत.

बिश्केकहून उपसचिवांचा फोन येऊन गेला,
"नवकल्पना हा शब्द टाका कुठेतरी. दोनदा टाका."

समोर भिंतीवर आमच्या हिमनदीचा आलेख.
सत्तावन्न सालापासून रेघ उतरत येते,
दर सप्टेंबरला एक ठिपका,
आणि चौऱ्याण्णवला थांबते.
मग बोटभर कोरा कागद.
दोन हजार अकराला पुन्हा सुरू होते, पार खाली,
पायरी चुकलेल्या माणसासारखी.

त्या बोटभर कागदातलं ठाऊक असलेला माणूस एकच,
झुमाकादिर आके, तेव्हाचे निरीक्षक.
गेल्या उन्हाळ्यात नारिनला त्यांच्या घरी गेले.
रीतीप्रमाणे अर्धीच वाटी चहा ओतत ते म्हणाले,
पगार थांबला त्या वर्षी गेलो वर.
दुसऱ्या वर्षीही. घोडा माझा, भाकर माझी.
आकडे पाठवले. पाकीट उघडायला तिथे कुणी नव्हतं.
तिसऱ्या वर्षी खुंट उपटले.
पोलादी होते, जाड, सोव्हिएत काळातले.
भंगारवाल्यानं दोन पोती पीठ दिलं.
पोरं पाच होती.

मग बराच वेळ वाटीच्या तळाशी बघत राहिले.
"बर्फ काय, वितळायचा थांबला नव्हता, पोरी.
मीच नव्हतो तिथे."

खाली दरीत जवाला पाणी सोडणारा तालगात
दर ऑगस्टला विचारतो, पाट अजून किती वर्षं वाहील?
मी आलेखाकडे बोट नेते
आणि ते नेमकं त्या कोऱ्या जागेत जातं.

रात्रीचे दोन.
नवकल्पना एकदा लिहून पाहिलं, खोडलं.
शेवटी लिहिलं:
त्याच जागी, त्याच महिन्यात, तोच बर्फ मोजू.
पुढच्या वर्षी पुन्हा.
दहा शब्द झाले. उरलेले नव्वद
मला सुचत नाहीत, आणि ते मागतील.

पाठवायच्या आधी चौथ्या रकान्यात परत गेले.
खुंट चाळीस, पोलादी, असं होतं.
पोलादी खोडून लाकडी केलं.
स्वस्त पडतात, असं कारण दिलंय.