वजनकाटा

हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर माझी नोकरी.
दिवसभर ट्रक येतात, थांबतात,
लाकूड, गुरं, सिमेंट, एकदा तर अख्खं घर दोन तुकड्यांत,
आणि मी खिडकीतून आकडा वाचून सांगते:
जा.
किंवा: बाजूला घे, उतरव.
सतरा वर्षांत एकाही ड्रायव्हरचं
"थोडंसंच तर जास्त आहे" मी ऐकून घेतलेलं नाही.

त्या रात्री मात्र स्वयंपाकघरातल्या काट्यापाशी
माझीच मुलगी मला सांगत होती,
उतरव.

डेलाला बारा पूर्ण व्हायला अजून चार महिने आहेत.
कॅम्पची यादी एप्रिलपासून फ्रिजवर:
लोकरी मोजे दोन जोड, तिसरा नको.
सुती काहीही नको, भिजलं की थंडी हाडात शिरते.
फोन नको. घड्याळ नको.
एक छोटी खुरपी. ती कशासाठी, हे तिनं
भर जेवणात आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवलं.
माझे वडील म्हणाले, आमच्या वेळी याला
गुरं राखणं म्हणायचे,
आणि वर पैसे भरावे लागत नसत.

प्रत्येक वस्तू काट्यावर, प्रत्येक आकडा वहीत.
कंगवा अर्धा मोडला.
टूथब्रशची दांडी गॅरेजमध्ये करवतीनं कापली
आणि उरलेला बोटभर ब्रश
अंगठी दाखवावी तसा मला दाखवला.
मग ससा. कापडी, एका डोळ्याचा, पाळण्यापासूनचा.
तो तिनं काट्यावर बसवला,
बराच वेळ बघत राहिली,
आणि वहीत काही न लिहिता
उचलून परत खोलीत नेला.
मी ओट्याकडे तोंड करून
धुतलेलाच कप पुन्हा धुतला.

ती झोपल्यावर स्लीपिंग बॅगच्या तळाशी
मी एक चिठ्ठी सरकवली. चार ओळी.
पाकीट नाही. तेवढं मलाही कळतं.

लँडरपासून पुढे डांबर संपतं.
खडीवर धुरळा उडवत आम्ही पोचलो तेव्हा
विंड रिव्हरच्या माथ्यांवर जूनचा बर्फ अजून तसाच,
आणि सोलवटलेल्या नाकाचा एक एकोणीस वर्षांचा पोरगा
चौदा दिवसांसाठी आमच्या मुलांचा मालक.
कॉर्बिन. त्यानं डेलाची बॅग एका हातानं उचलली.
"कोणी भरली?"
"मी."
"झकास."
मग आम्हा आईबापांकडे वळून:
फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक समजायचं.

असली हमी मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती.

ती निघाली. मागून नुसती बॅग दिसत होती,
खाली दोन पाय फुटलेली.
एकदाच वळली,
तेही टोपी पडली म्हणून.

पिकअपमध्ये बसले तर शेजारच्या सीटवर माझी चिठ्ठी,
पाठीमागे पेन्सिलीनं: सहा ग्रॅम. वाचली.
उलटून पाहिलं. तीन ओळी जागच्या जागी:
तहान लागण्याआधी पाणी पी.
मोजे रोज वाळव.
पाय दुखला तर लपवू नकोस.
त्याखालची पट्टी फाडून नेलेली,
नीट, घडी घालून, नखानं दाबून.

परतीच्या वाटेवर, सुट्टी असूनही,
मी आमच्या काट्यावर गाडी चढवली.
मला माहीत आहे तो काटा कसा आहे:
वीस पौंडांच्या आतलं काही त्याला कळतच नाही.
तरी चढवली.
काचेमागून लोर्नानं आधी आकड्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
मग पुन्हा आकड्याकडे,
आणि माईक चालू करून म्हणाली,
रिकामी आहेस गं. जा.